घाटाखालची वीज आणि जपानचा माग

खोपोलीत टाटांच्या शंभराहून अधिक वर्षं आधी एक मोठा दाता होऊन गेला. बोरघाट उतरून आलेल्या आणि चढायला निघालेल्या माणसांना, बैलांना पाणी मिळावं म्हणून नाना फडणवीसांनी घाटाच्या पायथ्याशी मोठा दगडी तलाव बांधवला आणि त्याच्या काठी महादेवाचं मंदिर उभारलं. १८५६ साली रेल्वे आली तीही पळसदरीवरून खोपोलीपर्यंत येऊन थांबली. घाट चढून जायला तिला १८६३ उजाडलं. मधली सात वर्षं पुण्याला जाणारा प्रत्येक उतारू खोपोलीत उतरायचा, बैलगाडी नाहीतर डोली ठरवायचा आणि नानांच्या तलावावर तोंड धुऊन पुढं निघायचा.

नानांच्या काळात पाणी देणं हे पुण्यकर्म होतं. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही आणि कुणी मागितलाही नाही. विसाव्या शतकात याच घाटाच्या पाण्याचा हिशेब भागभांडवलात, अश्वशक्तीत आणि लाभांशात मांडला गेला. हा बदल जिथं झाला त्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्याचा धागा, चमत्कारिक वाटेल पण, थेट जपानच्या कापडगिरण्यांपर्यंत जातो. उद्योगपतीनं समाजाला काय द्यावं आणि कारखान्यात काम कसं करावं, हे दोन प्रश्न त्या काळी जपानमध्ये आणि मुंबईत एकाच वेळी विचारले जात होते. उत्तरं मात्र वेगवेगळी निघाली.

आधी मुंबईकडून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी लागणारा कोळसा शेकडो कोसांवरून, बंगालहून किंवा समुद्रापलीकडून येई. गिरणगावावर धुराचं छप्पर असे आणि मालकाच्या वहीत कोळशाचा खर्च बोचत असे. लोणावळ्याच्या पठारावर पावसाळ्यात कोसळणारं पाणी साठवून, घाटावरून खाली सोडून वीज करता येईल, ही कल्पना मुंबईचे वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली आणि जमशेदजी टाटांनी ती उचलून धरली. ती प्रत्यक्षात आलेली त्यांना पाहता आली नाही. १९०४ साली जर्मनीत त्यांचं निधन झालं. मुलगा दोराबजी यांनी १९१० साली कंपनी नोंदवली. लंडनचं भांडवल मिळेना, तेव्हा देशातल्याच पैशावर भर दिला गेला आणि संस्थानिकांनी मोठा वाटा उचलला. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन धरणं बांधली गेली. कड्यावरून उतरणाऱ्या नळांतून पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या पॉवर हाऊसमध्ये आपटू लागलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी वीजपुरवठ्याचं उद्घाटन केलं आणि सुमारे सत्तर किलोमीटरच्या तारांवरून ती वीज परळला पोचली. खोपोलीच्या डोंगरावरचे ते नळ आजही गावातून कुठूनही दिसतात.

मागणी इतकी वाढली की १९१६ साली आंध्रा व्हॅली नावाची दुसरी कंपनी निघाली. मावळातल्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण झालं, डोंगर पोखरून पाणी पश्चिमेकडं वळवलं गेलं आणि १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं पॉवर हाऊस सुरू झालं. अवघ्या सात वर्षांत घाटाखालचे हे दोन शेजारी तालुके मुंबईच्या गिरण्यांचे शक्तिस्रोत बनले. बॉयलर थंडावले, विजेच्या मोटारी आल्या.

हेच जमशेदजी १८९३ साली जपानला गेले होते, आणि तेही गिरण्यांच्याच कामासाठी. मुंबईहून पूर्वेकडं जाणाऱ्या सुताची आणि कापसाची वाहतूक पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीच्या मुठीत होती आणि तिचे दर गिरणीवाल्यांना जाचत होते. टोकियोत जमशेदजी तिथले उद्योगपती एइची शिबुसावा यांना भेटले. या भेटीतून आणि त्यामागच्या वाटाघाटींतून निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीची मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. नोव्हेंबर १८९३ मध्ये 'हिरोशिमा मारू' हे पहिलं जहाज कोबेहून मुंबईकडं निघालं. पी. अँड ओ.नं दर पाडले, ते टनाला दीड रुपयापर्यंत आणले. टाटांनी भाड्यानं घेतलेली जहाजं त्या लढाईत टिकली नाहीत. पण जपानी सूतगिरण्यांच्या संघटनेनं आपला सारा कापूस आपल्याच जहाजातून आणायचा निर्धार केला, म्हणून जपानी सेवा टिकली. मुंबईच्या गिरणीमालकांना अशी एकजूट करता आली नाही. पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं त्याची पहिली खूण मला इथंच दिसते.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस या जहाजांतून जपानला जाऊ लागला. १८९६ साली जपाननं कापसावरची आयात जकात काढून टाकली आणि पुढच्याच वर्षी त्या देशाची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. जो ग्राहक होता तो प्रतिस्पर्धी झाला.

शिबुसावा हा माणूस समजून घ्यायला हवा. १८४० साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या गृहस्थानं जपानची पहिली आधुनिक बँक १८७३ साली चालवायला घेतली, ओसाकाची मोठी सूतगिरणी उभी करण्यात पुढाकार घेतला आणि सुमारे पाचशे कंपन्यांना हातभार लावला. त्याहून जास्त, म्हणजे सुमारे सहाशे, शाळा, इस्पितळं आणि धर्मादाय संस्थांशी त्यांचा संबंध होता. टोकियोच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमाचं प्रमुखपद त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळलं. नफा आणि नीती एकाच हातात राहिली पाहिजे, हे त्यांचं सांगणं होतं आणि त्याला ते कन्फ्यूशिअसचा आधार देत. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे.

पण याच काळातल्या जपानी गिरण्यांचं दुसरं चित्र भीषण होतं. ओसाकाच्या गिरणीत विजेचे दिवे लागले आणि रात्रपाळी सुरू झाली. खेड्यातल्या मुली आगाऊ रकमेच्या करारावर आणून वसतिगृहांत कोंडल्या जात. क्षयानं पोखरलेल्या मुली गावी परतत. वाकिझो होसोइ या गिरणी कामगारानं १९२५ साली या मुलींची करुण कहाणी पुस्तकात मांडली, तेव्हा जपान हादरलं. स्त्रियांची रात्रपाळी बंद व्हायला तरीही १९२९ साल उजाडलं. आपल्याकडंही विजेच्या दिव्यांनी असंच केलं होतं. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दिवे आले, कामाचा दिवस लांबला आणि कामगार रस्त्यावर उतरले.

कुराशिकी गिरणीच्या मागोसाबुरो ओहारा यांनी या दुःखाकडं गिरणीच्या आतून पाहिलं, म्हणून मला ते फार महत्त्वाचे वाटतात. १९०६ साली वसतिगृहात साथ येऊन मुली दगावल्या, त्यानंतर गिरणीची सूत्रं त्यांच्याकडं आली. त्यांनी मोठी कोंदट वसतिगृहं मोडून लहान, सुटी घरं बांधली. १९१९ साली ओसाकात सामाजिक प्रश्नांच्या संशोधनाची संस्था काढली. १९२१ साली कुराशिकीत श्रमविज्ञानाची प्रयोगशाळा उघडली, जिथं डॉक्टर आणि संशोधक रात्रपाळीनं मुलींच्या शरीरावर काय परिणाम होतो ते मोजू लागले. १९२३ साली गिरणीचं इस्पितळ गावातल्या सगळ्यांसाठी खुलं केलं. ओहारांनी १९३० साली उघडलेलं पाश्चात्त्य चित्रांचं संग्रहालय जगभर प्रसिद्ध आहे, पण त्यांच्या देण्याचा गाभा मला त्या प्रयोगशाळेत दिसतो. दान देणाऱ्यानं स्वतःच्याच कारखान्याची तपासणी मांडली होती.

टाटांकडंही याच्या जवळ जाणारं बरंच काही होतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली होती, कायद्यानं भाग पाडण्याच्या कितीतरी आधी. इंग्लंडचं कापडकेंद्र लँकेशायर सूतकताईच्या ज्या रिंग चात्यांकडं संशयानं पाहत होतं त्या जमशेदजींनी नागपुरात आधीच लावून पाहिल्या होत्या. धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्या देणगीतून १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याच्या अभ्यासाचा विभाग निघाला. त्यांच्या नावाचा ट्रस्ट १९१९ चा, म्हणजे ओहारांच्या संस्थेच्याच वर्षीचा. दोराबजींचा ट्रस्ट १९३२ चा, आणि त्यातून १९३६ साली मुंबईत समाजकार्याचं जे विद्यालय निघालं तेच आजचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस).

आता मागाकडं येऊ. १८६७ साली शिझुओकातल्या एका खेड्यात सुताराच्या घरी साकिची तोयोदा जन्मला. आईच्या हातमागावरचे कष्ट पाहून तो मागाच्या मागं लागला, असं सांगतात. त्यानं आयुष्यभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला: ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. धागा तुटल्यावरही चालत राहणारा माग खराब कापड विणत राहतो आणि त्याच्यावर नजर ठेवायला माणूस सतत उभा ठेवावा लागतो. १९२४ साली तयार झालेल्या त्याच्या स्वयंचलित मागात धोट्यातलं सूत संपलं की चालत्या मागातच नवा धोटा येई आणि धागा तुटला की माग थांबे. एक कामगार तीस-तीस माग सांभाळू शकला. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. लँकेशायरला यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीनं जपानकडून यंत्राचे हक्क घेतले, ही त्या काळातली केवढी उलथापालथ! साकिचीचा मुलगा किइचिरो याच सुमारास मोटारींच्या मागं लागला होता. १९३७ साली निघालेल्या टोयोटा मोटर कंपनीचं मूळ या मागाच्या कारखान्यात आहे. १९२५ साली साकिचीनं विजेची साठवण करणारी दमदार बॅटरी शोधणाऱ्यासाठी दहा लाख येनचं बक्षीसही देऊ केलं होतं.

मुंबईत त्या वेळी काय चाललं होतं? जपानी कापडानं बाजार भरू लागला होता. खोपोली-भिवपुरीची वीज गिरण्यांत पोचली होती, पण साचे खात्यातली, म्हणजे मागांच्या विभागातली, रीत तीच होती. एक विणकर दोन साचे सांभाळी, मधे जॉबर म्हणजे मुकादम, वर मालक. जपानच्या विणकराशी तुलना करून मालकांनी काही गिरण्यांत तीन साचे आणि रिंग खात्यात दोन बाजू एकाच कामगाराला द्यायचं ठरवलं. एप्रिल १९२८ मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले. त्यांतले असंख्य रत्नागिरीचे आणि कुलाब्याचे (आजच्या रायगडचे). कामगारांची तक्रार साधी आणि खरी होती: सूत हलकं, ते सारखं तुटतं, मग तिसरा साचा कसा सांभाळायचा? जपानी गिरण्या भारतीय आणि अमेरिकी कापूस काळजीपूर्वक मिसळून सूत इतकं सारखं काढत की धागा तुटायचंच कमी होई. त्यातला भारतीय कापूस जमशेदजींनी वाट उघडून दिलेल्या त्याच मार्गानं गेलेला होता. कापूस नीट मिसळून त्यांनी धागा तुटण्याचं कारण आधी घालवलं आणि मग माग वाढवले. आपल्याकडं माग आधी वाढवले.

१९३३ साली परदेशी कापडावर, ब्रिटिश वगळून, ७५ टक्के जकात बसली. जपाननं भारतीय कापसावर बहिष्कार टाकला आणि १९३४ च्या जानेवारीत दोन्ही देशांत कापसाच्या बदल्यात कापडाचा करार झाला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं भवितव्य आणि गिरणगावच्या विणकराचं भवितव्य एकाच कागदावर समोरासमोर मांडलं गेलं.

या विजेची किंमत कुणी मोजली, हेही सांगायलाच हवं. टाटांची तिसरी योजना मुळशीला आली. बावन्न गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं पाण्याखाली जायची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट, ज्यांना याच लढ्यानं सेनापती केलं, त्यांचे नेते. धरण झालंच आणि १९२७ साली त्याचं पाणी दक्षिण रायगडात भिऱ्याला उतरलं. ज्या घराण्यानं लंडनमध्ये दारिद्र्याच्या अभ्यासाला पैसे दिले त्याच घराण्याच्या कंपनीनं मुळशीच्या माणसांना जमिनीवरून उठवलं. दानानं ही दुसरी बाजू झाकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. मुळशीकरांची चौथी पिढी अजून या विषयावर बोलते आणि तिचं ऐकलं पाहिजे.

मात्र घाटाखाली याच योजनांनी एक असं काही दिलं जे कुठल्याही देणगीच्या यादीत नाही. पॉवर हाऊसमधून बाहेर पडणारं पाणी, ज्याला अवजल म्हणतात, ते वीज होऊन गेल्यावर कंपनीला नको असतं. खोपोलीचं अवजल पाताळगंगेत जातं. कोकणातली एरवी मार्चमध्येच ओहोळ होणारी ही नदी त्यामुळं बारमाही झाली आणि रसायनीपर्यंतचे कारखाने, पनवेलकडच्या वस्त्या तिच्यावर जगतात. भिवपुरीचं अवजल राजनाल्याच्या कालव्यातून कर्जतच्या शेतांवर जातं आणि पुढं उल्हास नदीला मिळतं. राजनाल्याच्या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात हिरवंगार भात उभं दिसतं, तर ज्या शेतांना कालवा नाही तिथं नुसती ढेकळं असतात. दुबार भात घेणारा कर्जतचा शेतकरी याला टाटांचं पाणी म्हणतो. कंपनीनं ते दान म्हणून सोडलं नव्हतं. पण पाण्याच्या एकाच साठ्यातून वीज, मग कारखाना, मग शेती, मग पिण्याचं पाणी अशी रांग लागली आणि काहीच वाया गेलं नाही. टोयोटाच्या अभियंत्याला यातलं मर्म सांगावं लागणार नाही.

त्या अभियंत्यांचा मुख्य काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ताइइची ओनो हा मूळचा तोयोदा सूतगिरणीतला, १९३२ साली नोकरीला लागलेला. १९४३ साली तो मोटारीच्या कारखान्यात आला. गिरणीत एक माणूस अनेक यंत्रं बघतो, मग मोटारीत का नाही, हा त्याचा पहिला प्रश्न होता. पण वाट सरळ नव्हती. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या दाराशी पोचली, दीड हजारांहून अधिक कामगार कमी करावे लागले, संप झाला आणि किइचिरोनं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्या जखमेनंतर कंपनी आणि युनियन यांच्यात जी समजूत झाली तिच्यावरच पुढची पद्धत उभी राहिली: लागेल तेव्हा, लागेल तेवढंच करायचं; मागच्या टप्प्यानं पुढच्याकडं माल ढकलायचा नाही, पुढच्यानं कानबान नावाच्या चिठ्ठीनं मागायचा; आणि दोष दिसला तर कोणत्याही कामगारानं दोरी ओढून पट्टा थांबवायचा. साकिचीच्या मागाला धागा तुटल्यावर थांबण्याची जी मुभा होती, तीच आता माणसाला मिळाली. या पद्धतीतलं सगळ्यात मोठं देणं मला तेच वाटतं. टोयोटा फाउंडेशन १९७४ साली निघालं. ते चांगलं काम करतं, पण ते नंतरचं.

इकडं स्वातंत्र्यानंतर विजेच्या आणि पाण्याच्या ओढीनं खोपोलीत कारखाने आले. पोलादी पाइप करणाऱ्या झेनिथचं नाव तर गावाजवळच्या धबधब्यालाच पडलं. १९६२ साली महिंद्रांनी युजीन या फ्रेंच कंपनीबरोबर विशेष पोलादाचा कारखाना काढला. गावात तो मस्को म्हणूनच ओळखला गेला आणि त्याच्या जगदीशनगरात दोन पिढ्या वाढल्या. २०१२ साली या कारखान्यात जपानी भागीदार आले: हिमेजीची सान्यो स्पेशल स्टील आणि मित्सुई. पुढं सान्योकडं बहुमत गेलं आणि नावातलं महिंद्रा गळलं. ही सान्यो म्हणजे १९६५ च्या मार्चमध्ये बुडून जपानभर खळबळ उडवलेली, न्यायालयाच्या देखरेखीखाली पुन्हा उभी राहिलेली कंपनी. बेअरिंगसाठी लागणारं अतिशुद्ध पोलाद ही तिची ख्याती. जमशेदजींनी टोकियोत केलेल्या वाटाघाटींनंतर जवळजवळ एकशे वीस वर्षांनी जपानी उद्योग खालापुरात आला. आज या पट्ट्यातल्या कारखान्यांत कायझेन (सतत सुधारणा) आणि फाइव्ह-एस (कामाच्या जागेची शिस्त) हे शब्द वेल्डरपासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. कर्जत-खालापुरातल्या वाड्यांवर त्यामुळं शाळांच्या भिंती रंगल्या, नळ आले, हे खरं आहे आणि स्वागतार्ह आहे. पण दोन टक्क्यांचा हिशेब करताना उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांकडं बघितलंच जात नाही. कंत्राटी कामगाराला पट्टा थांबवायची मुभा आहे का, हे कुठल्याही अहवालात विचारलं जात नाही. ओहारांच्या प्रयोगशाळेनं मात्र कारखान्याच्या आतलेच प्रश्न विचारले होते.

आणि अवजलाचा प्रश्न आता उघड्यावर आला आहे. टाटांच्या धरणांतून दरवर्षी चाळीस टीएमसीहून अधिक पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडं वळतं. पुणे आणि सोलापूरकडचे लोक ते परत मागत आहेत, सरकारी पातळीवर त्याचा अभ्यासही झाला आहे आणि त्यांची मागणी अन्यायाची नाही. ते पाणी पूर्वेला वळलं तर राजनाल्यावरचं दुबार भात आणि बारमाही पाताळगंगा यांचं काय करायचं, हे ठरवणाऱ्या बैठकीत कर्जतचे शेतकरी आणि मुळशीचे विस्थापित, दोघांनाही जागा असायला हवी. शंभर वर्षांपूर्वी, लोणावळ्याला कोनशिला बसली तेव्हा, दोघांपैकी कुणालाच विचारलं गेलं नव्हतं.